जानोशातलं बाशिंग

पहाटे ५:३०

तुळशीचं लग्न लागलं की माझा हंगाम उघडतो. गोंदिया जिल्ह्यात लग्नाच्या तारखा पंचांग काढतं खरं, पण त्या पक्क्या करतं ते धान. कापणी झाली, चुरणी झाली, पोती पणन महासंघाच्या नाहीतर आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गेली, चुकारे खात्यात पडले, की मग मंडपवाल्याला ॲडव्हान्स, सोनाराची उधारी आणि मला फोन. चुकारे अडकले की मुलीच्या बापाचा आवाज फोनवरच ओळखू येतो. मेनूतून आधी आइस्क्रीम जातं, मग चाट. जिलेबीला मात्र कोणी हात लावत नाही.

आज नवरी गोंदियाची, नवरदेव तिरोडा तालुक्यातला. लग्न आमगाव रोडवरच्या एका लॉनवर, मुहूर्त संध्याकाळी ६:०५ चा. चहा पिता पिता मी दोन्हीकडच्या पत्रिका पुन्हा वाचते. लग्नाच्या दिवशी हे काम मी कधी चुकवत नाही. लग्नं मॅनेज करण्याच्या या धंद्यात पडण्याआधी मी पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कंपोझिंग करायची. प्रूफ पाहायला आलेला माणूस ऱ्हस्वदीर्घासाठी क्वचितच येतो, तो नावाच्या जागेसाठी येतो, हे तिथं कळलं. विनीत कोण, निमंत्रक कोण, मामाचं नाव चौकटीत आहे की ओळीत घुसडलंय, ‘किलबिल’मधून कोणाची लेकरं गळली, एवढं नीट वाचलं तर त्या घराची अर्धी कुंडली हाती येते.

मुलाकडच्या पत्रिकेत दोन जावई आहेत. वर धाकट्याचं नाव, पुढे कंसात नोकरीचं खातं. त्याच्या खाली थोरल्याचं, कंस नाही. ते शेती करतात. मी पेन्सिलीनं तिथं एक टिंब काढलं. प्रत्येक लग्नात माझ्याजवळ ‘सांभाळायची माणसं’ अशी एक यादी असते. तीत आज पहिलं नाव हे.

सकाळी ७:००

धुकं. झेंडूच्या माळांची गाडी नागपूरहून निघालीय, भंडाऱ्याच्या पुढे आहे म्हणते. जनरेटरवाला आला, डिझेल नाही. आचाऱ्याच्या दोन चुली पेटल्या. आलू-वांग्याच्या भाजीसाठी वांगी चिरणाऱ्या चार बाया शेकोटीभोवती बसल्यात.

येताना वाटेत विजेच्या खांबावर नाटकाचं पोस्टर पाहिलं, आज रात्रीचंच, शेजारच्या गावात. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव फिरतात आणि नाटक रात्रभर चालतं. ज्या गावातून आज आपले पाहुणे येणार त्याच बाजूला नाटक आहे, म्हणजे माणसं साडेसातलाच ताटं मागणार आणि नऊनंतर लॉन अर्धं रिकामं होणार. आचाऱ्याला म्हटलं, पुऱ्यांची दुसरी कढई आठऐवजी सातला चढवा. त्यानं कारण विचारलं नाही.

सकाळी ८:४५

मुलाकडची मंडळी एक बस आणि दोन बोलेरो भरून उतरली. त्यांचा जानोसा लॉनच्या मागच्या सहा खोल्यांत. चाव्या मी देते, पण कोणती खोली कोणाला हे ते ठरवतात. मी नुसती दारापाशी उभी राहते, कारण सोयऱ्यांमधला मान पाहायला खोल्यांच्या वाटपासारखी जागा नाही. पहिली खोली आजीला आणि देवाला. दुसरी धाकट्या जावयाला, तिला गिझर आहे. थोरल्या जावयाला शेवटची, बाथरूमला लागून, आणि तिथंच पोरांच्या गाद्या. त्यांनी काही म्हटलं नाही. बॅग उचलली आणि गेले.

आजीनं पहिल्या खोलीत पाटावर देव मांडले आणि त्यांच्यापुढे पुठ्ठ्याच्या डब्यात बाशिंग ठेवलं. छत्तीसगडकडे शिंदीच्या पानांचा मौर बांधतात. हे मात्र आपलं नेहमीचं: सोनेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा, मधे लाल मखमलीची टिकली, कडेनं मोत्यांच्या नावानं प्लास्टिकचे मणी, दोन्ही बाजूंना चमकीच्या झिरमिळ्या. हात लावला की चमकी बोटाला चिकटते आणि साबणानंही लवकर निघत नाही. आजीनं हळदकुंकू वाहिलं, फोटोग्राफरनं फोटो काढला.

सकाळी १०:००

तासाभरासाठी ऑफिसला. सालेकसा तालुक्यातून एक गृहस्थ आले होते, चैत्रातली तारीख हवी होती. मुलगा चांगला, स्थळ चालून आलंय, हुंडा मागत नाहीत. मी चहा मागवला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, मुलगी काय करते? घरीच असते. दहावीला किती पडले होते? त्यांनी अभिमानानं टक्के सांगितले आणि म्हणाले, ‘मागच्या वर्षीच झाली न.’

एवढं पुरे होतं. मागच्या वर्षी दहावी झालेली पोर चैत्रात अठराची होत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा हवा. असं लग्न लावणारा, चालवणारा, त्याला हातभार लावणारा, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात या कायद्याचा अधिकारी ग्रामसेवकच असतो. मी म्हटलं, भाऊ, लग्नाच्या नोंदणीला नमुना ‘ड’ भरावा लागतो, तीन साक्षीदार लागतात, वयाचा पुरावा लागतो, तेव्हा आधी टीसी आणा, मग तारीख पाहू. ते उठले. पायरीवर थांबून म्हणाले, ‘दुसरे मॅनेजर बी आहेत गोंदियात.’

आहेत. म्हणून त्यांच्या गावच्या अंगणवाडीताईला फोन केला. कायदा, दंड, मुलगी, कोणाचंच नाव घेतलं नाही, नुसतं म्हटलं की अमुक गल्लीत एकदा चहाला जाऊन या. ती समजली. मी पुष्कळ गोष्टी पोटात ठेवते, तो माझ्या धंद्याचा भाग आहे. ही त्यांतली नाही.

दुपारी १२:३०

हळद लागली, अंघोळी झाल्या. मुंबईकडचे पाहुणे विदर्भ एक्सप्रेसनं उतरले आणि स्टेशनवरून ऑटोत बसून थेट चुकीच्या लॉनवर गेले, त्यांना परत आणलं. फेटेवाला आला. गुलाबी फेटे मुलाकडच्या पुरुषांना मोजून आणलेले. सगळे बांधून झाले तरी टेबलावर एक उरला. फेटेवाला म्हणाला, मोजण्यात चूक असेल. त्याच्या मोजण्यात कधी चूक नसते.

जेवणं सुरू झाली. वाढणारा पोरगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘मॅडम, शेवटच्या खोलीतल्या काकाजींनी ताट वापस पाठवलं. पोट दुखते म्हणे.’

दुपारी १:३०

ही माझी हक्काची पाऊण तासाची विश्रांती. स्टोअररूममध्ये, साखरेच्या पोत्यांना टेकून, मोबाइलवर कादंबरी. मला खुनाच्या गोष्टी आवडतात, पण त्यातल्या मवाळ: कोझी मिस्ट्री म्हणतात त्या. रक्त पडद्याआड सांडतं, गाव छोटं असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात आणि छडा लावते ती कोणी पोलीस नसते, शेजारची बाई असते. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल या घराण्याचं कुलदैवत. मार्पलची पहिली कादंबरी, ‘मर्डर ॲट द व्हिकारेज’, १९३० ची. विणकाम करता करता ती गावाचं ऐकत असते आणि प्रत्येक खुनी तिला गावातल्या कोणा ना कोणाची आठवण करून देतो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वेषांतर करणारे, पिस्तूल बाळगणारे. विणकाम करणारी बाई मराठीत नायिका होऊन फारशी आली नाही.

सध्या वाचतेय ती माझ्याच धंद्यातल्या बाईची. लॉरा ड्यूरमची ‘बेटर ऑफ वेड’, २००५ ची. तिला पहिल्या कादंबरीचा ॲगाथा पुरस्कार मिळाला. नायिका ॲनाबेल आर्चर, वॉशिंग्टनमध्ये लग्नं मॅनेज करते आणि खून होतो तो नवरीच्या आईचा. हा धंदा केलेल्या कोणालाही खुनाचं कारण शोधायला पानं उलटावी लागणार नाहीत.

पण या पुस्तकांतलं एक मला कधीच पटत नाही. शेवटी हेर सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि बोट दाखवतो. आमच्याकडे असं करून पाहावं. चोर सापडेल, लग्न मोडेल आणि दोन गावांत पुढच्या तीन पिढ्या सोयरीक होणार नाही. लग्नात छडा लावणं हे निम्मंच काम असतं. उरलेलं काम म्हणजे छडा लागल्याचं कोणालाही कळू न देणं, ज्यानं केलं त्यालाही. असा शेवट लिहिणारा लेखक मला अजून भेटायचा आहे. वाचकाला तो आवडेल की नाही, ही शंका रास्त आहे.

दुपारी ३:४०

नवरदेवाच्या आत्याचा फोन. ‘मॅडम, बाशिंग भेटून नाही राहिलं.’

साडेचारला नवरदेवाचा परण्या मिरवत निघायचा. बँडवाले कोट चढवून बसलेत, घोडी दाराशी आहे. पहिल्या खोलीत पाच बाया, तीन पुरुष आणि रिकामा पाट. डबाच नाही. धाकटा जावई म्हणाला, ‘त्यात का आहे एवढं, बाजारात भेटते, मी पोरगा पाठवतो.’ आजी म्हणाली, ‘देवापाशी पुजलेलं आहे ते. दुसरं नाही चालत.’ मग कोणीतरी ते वाक्य म्हटलंच: ‘ती झाडूवाली आली होती न मघाशी.’

हे वाक्य दर वेळी येतं. कधी झाडूवाली, कधी बँडमधला पोरगा, कधी भांडी घासणारी. बाहेर ती बाई बादली घेऊन उभी होती आणि एक पाहुणा तिला पिशवी उघडायला सांगत होता. मी म्हटलं, ‘दुपारभर ती माझ्यासोबत स्टोअरमध्ये होती.’ हे खरं नव्हतं. पण त्या क्षणी पिशवी उघडली असती तर आत काय सापडलं याला काही अर्थ उरला नसता, आणि मला वीस मिनिटं हवी होती.

पहिला विचार साधा. ज्याला चोरीच करायची त्यानं त्याच खोलीतल्या आहेराच्या साड्या सोडून पाचशे रुपयांचा पुठ्ठा का न्यावा? पैशासाठी नेलेलं नाही. नेलंय ते हरवलेलं लक्षात यावं म्हणून.

फोटोग्राफरला बोलावलं. हल्ली हेराला भिंग लागत नाही, कॅमेऱ्यावर वेळ असते. ११:५२ ला आजीचा फोटो, डबा आहे. १२:४७ ला भावाबहिणींचा ग्रुप, डबा आहे, आणि मागे दारात पाठमोरा कोणीतरी निघालेला. सगळ्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा, त्या एकाच डोक्यावर नाही. १:१० च्या फोटोत पाट रिकामा.

उरलेला फेटा, परत आलेलं ताट, पत्रिकेवरचं पेन्सिलीचं टिंब. मी आजीजवळ जमिनीवर बसले. ‘आजी, तुमच्याकडे बाशिंग बांधते कोण?’

‘जावई बांधते न, बाई.’

‘कोणता?’

आजी थोडी थांबली. ‘मोठा बांधते. पन यंदा पोट्टे म्हणे, लहान भाऊजी बांधतीन. फोटोत चांगले दिसतीन म्हणे.’

फोटोग्राफरच्या कागदावर खरोखरच लिहिलेलं होतं: बाशिंग, धाकटे जिजाजी, क्लोजअप.

दुपारी ४:००

आता काम सुरू. सासूला पाठवून उपयोग नव्हता, जावयासमोर ती पदर सावरून दोन शब्द बोलणारी. धाकट्याला पाठवणं म्हणजे आगीत तूप. मी नवरदेवाला एकट्याला बाजूला घेतलं. बाशिंग कुठं आहे ते मी बोलले नाही, त्यानंही विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं, ‘तुमच्या थोरल्या भाऊजींना अजून फेटा बांधला नाही. तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि बाशिंग बांधायला चला म्हणून हात धरून आणा.’ पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, अंगावर हळदीचा वास, डोळ्यांत एकदम काहीतरी उमगल्यासारखं. फेटेवाल्याला त्याच्या मागे पाठवलं.

मी बोळीत उभी राहून जनरेटरवाल्याशी फोनवर डिझेलवरून मोठमोठ्यानं भांडत राहिले, म्हणजे कोणी तिकडं फिरकू नये. डिझेल केव्हाच आलेलं होतं. फोनच्या पलीकडे तो बिचारा ‘मॅडम, मी केलं काय?’ विचारत होता.

दहा मिनिटांनी दार उघडलं. थोरले जावई गुलाबी फेट्यात, हातात डबा. डोळे जरा लाल. कोणीही विचारण्याआधी तेच म्हणाले, ‘वरच्या फळीवर होतं. पोट्ट्यायनं खेळता खेळता ठेवलं असन.’

‘पोरंच ती,’ मी म्हटलं. आत्या म्हणाली, ‘मी म्हटलंच होतं.’ ती असं काहीच म्हणाली नव्हती.

त्यांनी बाशिंग बांधलं. दोरीची गाठ कानामागे घट्ट बसते की नाही ते दोनदा पाहिलं, एक झिरमिळी उलटी झाली होती ती सरळ केली. फोटोग्राफरला मी खुणेनं क्लोजअप घ्यायला सांगितला. फोटोत त्यांच्या अंगठ्यावर चमकी आहे. बांधताना लागली, असं कोणीही म्हणेल.

धाकट्या जावयाला मी मुहूर्ताच्या वेळी माईकवर पाहुण्यांचं स्वागत करायला उभं केलं. त्यांना बोलायला आवडतं. ते खूश.

झाडूवाल्या बाईला मात्र कोणी काही म्हटलं नाही. या कादंबऱ्यांत शेवटी गाव पुन्हा शांत होतं, चहा होतो, आणि जिच्यावर पहिल्या प्रकरणात संशय घेतला होता ती मोलकरीण कुठं जाते ते लेखक सांगत नाही. मी बिलात ‘इतर’ या सदराखाली तिचे पाचशे टाकले आणि वाढणाऱ्या पोराला तिचं ताट सगळ्यांत आधी लावायला सांगितलं.

संध्याकाळी ६:०५

अक्षता पडल्या. या वीस मिनिटांत सगळे स्टेजकडे पाहतात, म्हणून मी उलट तोंड करून उभी राहते. नवरीच्या खोलीच्या दारात एक माझा माणूस, पाकिटांची पिशवी ज्या काकूंच्या मांडीवर आहे त्यांच्या मागे दुसरा. चांगले कपडे घातलेलं, कोणाचंच नसलेलं लेकरू दिसलं की त्याला प्रेमानं विचारायचं, बाळा, तुझी आई कुठं बसली? २०२० मध्ये दिल्ली पोलिसांनी लग्नांतून दागिन्यांच्या आणि रोकडीच्या पिशव्या लांबवण्यासाठी लहान मुलांना वापरणारी टोळी पकडली. तिला नाव पडलं ‘बँड बाजा बारात’, म्हणजे २०१० च्या हिंदी चित्रपटाचं, ज्यात नायक-नायिका लग्नं मॅनेज करतात. आमच्या धंद्याचा एकुलता एक सिनेमा, तोही चोरांनी नेला.

आज तसं कोणी नव्हतं. एक लेकरू होतं, ते आचाऱ्याचं निघालं.

रात्री ७:३०

ताटं. अंदाज बरोबर ठरला, तिरोड्याकडची निम्मी माणसं पहिल्याच दमात जेवून नाटकाला पळाली. पुऱ्या पुरल्या.

रात्री १०:००

डीजे बंद. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे हे दर लग्नात कोणा ना कोणा मामाला नव्यानं कळतं. आजच्या मामांनी ‘एक शेवटचं गाणं’ तीनदा मागितलं. मी मेन स्विचजवळच खुर्ची टाकून बसले होते.

रात्री ११:१५

कॅटररबरोबर प्लेटांचा हिशेब. त्याच्या वहीत माझ्यापेक्षा चाळीस जास्त. उष्ट्या प्लेटा मी मोजून घेतलेल्या, कागद पुढे केला. तो हसला, वीस कमी केले. मी तिथंच उभी राहिले, उरलेले वीसही गेले.

पाठवणी झाली. नवरीची आई रडून रडून खुर्चीतच झोपली होती. शेवटच्या बोलेरोत सामान चढत होतं तेव्हा थोरले जावई माझ्याकडे आले. फेटा अजून डोक्यावर होता.

‘मॅडम, मले एक पोरगी आहे. तिचं बी करा लागन आता.’

‘करू न, भाऊ.’

ते जरा घुटमळले. ‘पत्रिका छापाच्या आधी एकदा तुमाले दाखवीन म्हणतो. नावं बराबर आहेत का ते पाहाले.’

‘दाखवा,’ मी म्हटलं. ‘आणि येताना तिची टीसी घेऊन या.’